अण्णांची पेटी: दुरुस्तीच्या नोंदी, मधल्या चिकनगुनियासकट

१३ जुलै २०२४, शनिवार

पेटी शेवटी माळ्यावरून खाली काढली. ठाण्यात पाचपाखाडीला राहायला आल्यापासून अकरा वर्षं ती गाद्यांखाली होती, त्याआधी बाबांकडे आणि त्याआधी बार्शीला अण्णांकडे. अण्णा म्हणजे माझे आजोबा, भगवंताच्या देवळात भजनाला साथ करायचे. हातपेटी, साडेतीन सप्तकं, ४२ पट्ट्या, दोन सुरांची. टार्गेट एकच, ७ सप्टेंबरला गणपती बसतायत, सोसायटीच्या आरतीला ही वाजली पाहिजे. आठ आठवडे आहेत, ऑफिस तीन दिवस घरूनच असतं, होईल.

तपासणी: भाता जाम गळतोय. टेस्ट अशी की एकही पट्टी न दाबता भाता भरायचा आणि आतली हवा बसेपर्यंत सेकंद मोजायचे. ९ सेकंद. पाच पट्ट्या मुक्या, दोन पावसाच्या हवेने फुगून अडकल्यात त्यामुळे हवा भरली की आपोआप वाजत बसतात. आत झुरळाची अंडी, एक चार आण्याचं नाणं आणि बुक्क्याचा वास, तो अजून जात नाही.

भात्याच्या बाहेरच्या फळीवर कोणीतरी चामड्याचा पट्टा ठोकलाय, चार चुका मारून, तोही तिरका. कशासाठी ते कळेना, कडक होऊन तडकलाय आणि दिसायला अगदी घाण. पकडीने चुका उपटल्या, पट्टा सुक्या कचऱ्यात. भोकं नंतर लाकडाच्या भुशाने भरेन.

१४ जुलै, रविवार

सुरांच्या फळ्या बाहेर काढल्या. ४२ गुणिले दोन म्हणजे ८४ सूर (हवेने वाजणाऱ्या पितळी पात्या), प्रत्येकाचा फोटो आणि नंबर, नाहीतर परत लावताना वाट लागेल. पितळेवर हिरवट थर. एक सूर मुळातच तुटलेला, नवा आणावा लागणार. अगरबत्ती पेटवून भात्याच्या घड्यांवरून फिरवली, धूर जिथे थरथरतो तिथे गळती. डाव्या कोपऱ्यात तर धूर सरळ उडूनच गेला. चामडं बदलायलाच हवं.

२१ जुलै, रविवार

गुरुपौर्णिमा. घरात पितळेची धूळ उडते म्हणून नवऱ्याने कुरकुर केली, मग दुपारी तीनला सगळं घेऊन गच्चीच्या जिन्यात जाऊन बसले. तिथे उजेड चांगला आणि कोणी येत नाही. साडेपाचपर्यंत ६० सूर साफ. स्वर मिळवायचा नियम लिहून ठेवते कारण मी दोनदा उलटं केलं: सुराच्या पातीच्या टोकाकडे घासलं की स्वर चढतो, रिव्हेटच्या मुळाशी घासलं की उतरतो. एक-दोन घास बास, पितळ परत येत नाही. काळी दोनपासून (दुसऱ्या काळ्या पट्टीपासून) वरचे सूर जास्त बिघडलेत.

डास फार. घोट्याला सात-आठ तरी चावले असतील, ओढणी पायावर घेऊन बसले पण उठले नाही, हातातलं काम सोडवत नाही.

२४ जुलै

ऑफिसनंतर दादरला जाऊन आले. गुजरातमधल्या पालितान्याचा एक सूर, मऊ पांढरं चामडं, बनात म्हणजे जाड लोकरी कापड. दुकानातले काका म्हणाले भाता उघडताय तर पूर्ण करा, ठिगळं लावू नका.

२६ जुलै, शुक्रवार

कालपासून वेड्यासारखा पाऊस, फेविकॉल वाळत नाहीये. तरी एक बाजू पूर्ण झाली. २१ सेकंद! संध्याकाळी दोन्ही मनगटं दुखायला लागली, बहुतेक काल क्लॅम्प आवळल्यामुळे. लवकर झोपते.

२७ जुलै

काम नाही. दुपारी जेवताना बरी होते, चारला हुडहुडी भरली, पाचला ताप १०३. क्लॅम्पचा काही संबंध नव्हता.

२८ जुलै

ही नोंद फोनला बोलून लिहितेय कारण बोटं वाकत नाहीत. म्हणजे अक्षरशः. पहाटे बाथरूमला जायला उठले तर पाय जमिनीवर टेकवेना, टाचेखाली कोणी खडी पसरलीये असं, भिंत धरून गेले आणि कमोडवरून उठता येईना, नवऱ्याला हाक मारावी लागली. सोळा वर्षांच्या संसारात ही पहिलीच वेळ. भात उघडा आहे त्यावर चादर टाका. भात नाही भाता. भाता. हा फोन सुधारणार नाही.

२९ जुलै

डॉक्टरकडे. रक्तपेशी मोजायची सीबीसी आणि डेंग्यूची एनएस वन टेस्ट. डॉक्टरांचं म्हणणं, सांधे बघता चिकनगुनिया वाटतोय पण आधी डेंग्यू नाही हे कळू दे, तोवर फक्त पॅरासिटामॉल, दुसरी कुठलीही दुखण्याची गोळी घरातली काढून खायची नाही, कारण डेंग्यू निघाला तर त्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. बरं झालं बजावलं, सकाळीच शेजारच्या काकूंनी प्रेमाने एक पाकीट आणून दिलं होतं, रंगीत गोळ्या, नाव नाही.

रात्री रिपोर्ट: एनएस वन निगेटिव्ह, प्लेटलेट १ लाख ४२ हजार. चिकनगुनियाची आयजीएम टेस्ट आत्ता केली तर निगेटिव्हच येऊ शकते, अँटिबॉडी तयार व्हायला पाच-सहा दिवस लागतात, तेव्हा पुढच्या आठवड्यात.

नातेवाईकांकडून आतापर्यंत आलेलं: पपईच्या पानांचा रस, शेळीचं दूध, सहा किवी. किवी खाल्ले, महाग होते.

३० जुलै

डावा हात सुजून पावासारखा झालाय. अंगठी निघेना. लेकीने बोटाला दोरा गुंडाळून, साबण लावून, व्हिडिओ बघत बघत काढली, मी रडले, ती नाही. अंगावर पुरळ, दंडावर आणि पोटावर, खाज. ताप १०१.

१ ऑगस्ट

ताप ९९ वर आला आणि मला वाटलं सुटले. कसलं काय. ताप गेल्यावर सांधे जास्तच. मनगटं, बोटांचे पेर, घोटे, टाचा, दोन्हीकडे सारखंच.

दुपारी एक वाजता पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाज स्वप्नील कुसाळेची फायनल. फोन हातात धरता येत नव्हता म्हणून लेकीने उशीला टेकवून ठेवला. ५० मीटर थ्री पोझिशन, म्हणजे आधी गुडघ्यावर बसून, मग पोटावर पालथं, मग उभं राहून नेम धरायचा. मी तिन्हीपैकी एकाही पोझिशनमध्ये तीस सेकंद राहू शकत नाही. कोल्हापूरच्या पोराला ब्राँझ! आरडाओरडा केला तेवढ्याने जबडा दुखला, त्यातही सांधा असतो हे विसरलेच होते.

५ ऑगस्ट, सोमवार

आयजीएम पॉझिटिव्ह. डॉक्टर म्हणाले मला रिपोर्टच्या आधीच खात्री होती, आरशात नाक बघा. नाकाच्या शेंड्यावर आणि कडेला काळसर छटा आलीये, मला वाटलं आजारपणाने चेहरा उतरलाय. चिकनगुनियानंतर बऱ्याच जणांचं नाक असं काळवंडतं, काही आठवडे-महिन्यांत जातं म्हणे. डेंग्यू नाही हे नक्की झाल्यामुळे आता सुजेची गोळी सुरू, जेवल्यावरच, पाच दिवस. या व्हायरसवर वेगळं असं औषध नाही, शरीर आपलं आपण निपटतं, आपण पाणी पीत राहायचं आणि वाट बघायची. "किती दिवस?" विचारलं तर म्हणाले काहींना दोन आठवडे, काहींना महिनोन्महिने, वयाप्रमाणे. वयाप्रमाणे हा शब्द त्यांनी हळूच म्हटला. मी ४६.

कामवाल्या मावशी लातूरकडच्या. रिपोर्टचं ऐकून म्हणाल्या, २००६ साली आमची अख्खी गल्ली लंगडत होती ताई, मला पण झालता, आता तुम्हाला परत होणार नाही. डॉक्टरही तेच म्हणाले, एकदा झाला की सहसा पुन्हा होत नाही. मावशींनी वर चिकन बंद करायला सांगितलंय. चिकनचा काही संबंध नाही हे मी त्यांना सांगितलं, नाव आफ्रिकेतलं आहे, टांझानियात १९५२ ला साथ आली तेव्हा तिथल्या माकोंडे लोकांच्या भाषेतून आलेलं, वाकडातिकडा होणं अशा अर्थाचं. त्यांनी ऐकून घेतलं आणि संध्याकाळी विचारलं, मग अंडी चालतात का?

११ ऑगस्ट, रविवार

पेटी तशीच उघडी आहे, चादरीखाली. आज या नोंदवहीचा एक अनपेक्षित उपयोग झाला. डास चावल्यापासून साधारण तीन ते सात दिवसांत त्रास सुरू होतो. माझी मनगटं २६ च्या संध्याकाळी दुखली, तिथून मागे मोजलं तर १९ ते २३ जुलै. त्यात बाकीचे दिवस लॅपटॉपसमोर बंद खिडकीत. आणि २१ जुलै, दुपारी तीन ते साडेपाच, गच्चीचा जिना, "घोट्याला सात-आठ". हा ताप पसरवणारा एडिस डास दिवसाच चावतो, आपण बावळटासारखे संध्याकाळी सातला खिडक्या लावतो. कोर्टात टिकणार नाही हा पुरावा, पण माझ्यापुरता बास आहे.

नवऱ्याला वर पाठवला. जिन्याच्या बाहेर पाण्याच्या टाकीवर निळी ताडपत्री आहे, तिच्या घडीत घमेलंभर पाणी साठलेलं आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या. त्याने व्हिडिओ काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. ताडपत्री कोणी टाकली यावर दिवसभरात ६४ मेसेज, पाणी ओतायला वर गेलं एकही नाही, शेवटी तोच परत गेला. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात म्हणून आठवड्यातून एकदा सगळं पाणी ओतून कोरडं करायचं, आणि नुसतं ओतून भागत नाही, भांडं घासायचं, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात. आमच्या स्वतःच्या फ्रीजमागच्या ट्रेमध्येही पाणी निघालं. अळ्या नव्हत्या, पण ग्रुपवर हे लिहिलं नाही.

१८ ऑगस्ट

आज पहिल्यांदा काम. सकाळी हात कुलूप लावल्यासारखे असतात, गरम पाण्यात दहा मिनिटं बुडवले की मूठ अर्धी मिटते. अकरानंतर बरं. स्क्रूड्रायव्हर धरता येतो पण पिळता येत नाही, पीळ मनगटातून येतो आणि तिथेच सगळं अडलंय. पेटीच्या डब्याला एकूण १२ स्क्रू, दोन फिरवले, बाकी लेकीने. ती नववीत आहे, दहावीच्या आधीचं वर्ष म्हणून क्लासवाले मागे लागलेत, पण पेटीपुढे बसली की उठत नाही. कोणावर गेलीये!

चामड्याची दुसरी बाजू तिने लावली. मी खुर्चीत बसून सूचना. चांगला सुपरवायझर होणं फार अवघड आहे, दर दोन मिनिटांनी "आण इकडे" असं तोंडात येतं आणि हात पुढे करायचा म्हणजे भोगा.

भाता: ३० सेकंद.

लोक विचारतात "झालीस ना बरी?" ताप नाही, रिपोर्ट नाही, चेहरा ठीकठाक, ऑफिसला लॉगिन करतेय, म्हणजे बरीच असणार. दुधाच्या पिशवीचा कोपरा दाताने फाडते हे त्यांना कुठे दिसतं. ऑफिसात मॅनेजरने तर "व्हायरलच होतं ना?" असं विचारलं. हो, व्हायरलच.

२५ ऑगस्ट, रविवार

पेटी जोडली आणि वाजवायला बसले. उजवा हात चालतोय, हळू, पण चालतोय. डावा नाही. भाता आत ढकलता येतो तळव्याने, पण परत बाहेर ओढायला बोटं फळीच्या वरच्या कडेला अडकवावी लागतात आणि बोटं अडकतच नाहीत. चार वेळा प्रयत्न केला, चौथ्यांदा दुखण्यापेक्षा राग जास्त आला. झाकण बंद.

संध्याकाळी मोठ्या आत्याचा बार्शीहून फोन, तब्येत विचारायला. मी हाताचं सांगितलं. मग तिने जे सांगितलं ते जमेल तसं तिच्याच शब्दांत लिहिते.

"अगं ते तसलंच की. अण्णांना झालतं ना. मी आठवी-नववीत असंन. बहात्तरच्या दुष्काळानंतरचं साल ते, पाणी नव्हतं, घरात रांजण, पिंप, हंडे, मिळेल ते भरून ठिवायचं. आणि मग गावात ताप आला, घरटी माणसं पडलेली, जो तो वाकून चालायला लागला. आईनं स्वयंपाक सोडला नाही पण पोळ्या लाटायला मी. अण्णांना ताप गेला, हात गेला नाही. देवळात भजनाला दुसरा माणूस वाजवायचा, अण्णा मागं बसायचे, काय बोलायचे नाहीत. मग एक दिवस त्यांनी चांभाराकडनं पट्टा आणला आणि भात्याला ठोकला. हात नुसता आत सरकवायचा, धरायचं कामच नाही. तो पट्टा असंल बघ अजून."

मी म्हटलं हो असेल.

फोन ठेवल्यावर बराच वेळ काही सुचेना. मग नेटवर शोधलं. भारतात हा व्हायरस पहिल्यांदा १९६३ ला कलकत्त्यात सापडला, आणि १९७३ ला महाराष्ट्रात जी साथ आली ती बार्शीला. बार्शी, नाव घेऊन लिहिलंय. त्यानंतर तीसेक वर्षं देशात जवळपास शांत आणि मग २००५-०६ ला पुन्हा एकदम लाखोंना. ती मावशींची गल्ली. आत्याला तो ताप कसला ते आजपर्यंत माहीत नव्हतं, तिच्या लेखी तो "तसलाच".

१३ जुलैची नोंद परत वाचली. "दिसायला अगदी घाण."

२६ ऑगस्ट

गोकुळाष्टमी. सुका कचरा दीड महिन्यापूर्वी गेला, तो काही परत येत नाही. पण भोकं मी अजून भरली नव्हती, आळस कामाला आला. चार भोकं, दोन वर दोन खाली, आणि वरची जोडी खालच्यापेक्षा बोटभर उजवीकडे. लेकीच्या जुन्या दप्तराचा पट्टा कापला आणि आधी सरळ लावून बघितला, कारण सरळ बरा दिसतो. हात आत घातला, मनगट वाकलं आणि जीव गेला. मग भोकांप्रमाणे तिरका धरला. मनगट आपोआप सरळ राहिलं. आत ढकलताना तळवा, बाहेर ओढताना हाताची पाठ पट्ट्याला लागते, बोटांना काही कामच नाही. अण्णांनी हे किती वेळा ठोकून उपटून पाहिलं असेल? फळीवर दुसरी भोकं तर नाहीत, म्हणजे आधी दोऱ्याने बांधून बघितलं असणार.

चुकांच्या जागी छोटे स्क्रू मारले, जुन्याच भोकांत. मारले म्हणजे लेकीने.

वाजवलं: ४ मिनिटं.

७ सप्टेंबर, शनिवार

गणपती बाप्पा मोरया. सकाळच्या आरतीला सलग ११ मिनिटं वाजवली, "युगे अठ्ठावीस"ला पट्ट्यातून हात सुटला तेव्हा शेजारी बसलेल्या लेकीने भाता धरला आणि पुढची दोन कडवी ती भाता आणि मी पट्ट्या असं चाललं. कोणाच्या लक्षात आलं नाही, झांजा जोरात होत्या. ताडपत्रीवाले काका पहिल्या रांगेत. प्रसाद त्यांनीच वाटला.

२९ सप्टेंबर

थोडक्यात. नाकाचा रंग निवळला. घोटे ठीक. सकाळचं कुलूप आता वीस मिनिटांत उघडतं. बरणीचं झाकण: नाही. कणीक मळणं: अर्धी वाटी. डॉक्टरांनी मनगटाचे व्यायाम दिलेत, गरम पाण्यात स्पंज पिळायचा, रोज. कोणीतरी स्टेरॉइडचा शॉर्ट कोर्स सुचवला होता, त्यांना विचारलं, ते म्हणाले तीन महिन्यांनंतरही सूज राहिली तर संधिवाताच्या डॉक्टरकडे पाठवतो, आपल्या मनाने काही नको.

भाता: ३४ सेकंद. उजव्या कोपऱ्यात अगरबत्तीचा धूर अजून किंचित हलतो.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

कार्तिकी एकादशी. स्क्रूड्रायव्हर पिळता येतोय, बाराच्या बारा स्क्रू स्वतः काढले आणि उगाचच परत लावले. पावसाळा संपल्यापासून अडकणाऱ्या पट्ट्या आपोआप मोकळ्या झाल्या, त्यावर मी जो सहा तास पॉलिश पेपर घासला तो फुकट. थंडीच्या सकाळी डाव्या हाताची मधली दोन बोटं मात्र अजून कुरकुरतात. पट्ट्याशिवाय आता भाता ओढता येतो, पण पट्टा काढला नाही.

एक अभंग रेकॉर्ड करून आत्याला पाठवला. तासाभराने तिचा व्हॉइस मेसेज: "चांगलं झालंय. मधल्या सप्तकातला गंधार उतरलाय."

ट्यूनर लावून बघितलं, खरंच उतरलाय. रविवारी फळी काढून टोकाकडे एक-दोन घास द्यावे लागणार. घरातच बसेन, पायात मोजे घालून, नवऱ्याला धुळीचं काय म्हणायचं ते म्हणू दे.